उंबऱ्याबाहेरची माणसे : ‘क्रॉसरोड्स’ कादंबरीच्या निमित्ताने

१

आमच्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी पाश्चात्त्य कादंबरीचे चांगले वाचक आहेत. दलित साहित्याविषयी त्यांचा एक आवडता आक्षेप आहे आणि तो त्यांनी गेल्या सत्रात प्राध्यापक-कक्षात पुन्हा मांडला. त्यांचे म्हणणे असे, की तुमच्या लेखनात वस्ती आहे, गाव आहे, अन्याय आहे; पण घर नाही. नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-बहीण यांच्यातील जो ताण कोणत्याही देशातल्या माणसाला आपला वाटतो, तो तुमच्याकडे येतच नाही. म्हणून तुमचे साहित्य सामाजिक दस्तऐवज होते, विश्वात्मक होत नाही. एवढे बोलून त्यांनी जोनाथन फ्रँझन या अमेरिकन कादंबरीकाराची २०२१ साली प्रसिद्ध झालेली ‘क्रॉसरोड्स’ ही कादंबरी माझ्या हाती दिली. “हे वाचा. कुटुंबाची कादंबरी कशाला म्हणतात ते कळेल.”

मी ती वाचली. पुढे एम. ए.च्या वर्गात तिचे कथानक सांगितले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या माणसांना एकमेकांशी एवढं भांडायला वेळ कुठून मिळतो?” वर्ग हसला. ती हसली नाही. सकाळी दोन घरची धुणीभांडी उरकून ती वर्गात येते हे मला ठाऊक होते, म्हणून मीही हसलो नाही.

सहकाऱ्यांचा आक्षेप आणि विद्यार्थिनीचा प्रश्न, या दोहोंना एकदम उत्तर देता येईल काय, हे पाहण्यासाठी हा लेख लिहीत आहे. दोघांपैकी कुणालाही टोलवून लावण्याचा माझा हेतू नाही. कारण आक्षेपात काही अंशी तथ्य आहे, आणि प्रश्नात तर समीक्षेचे मोठेच सूत्र दडलेले आहे.

२

फ्रँझन हा कुटुंबाचाच कादंबरीकार होय. १९५९ साली जन्मलेल्या या लेखकाची ‘द करेक्शन्स’ ही कादंबरी २००१ साली आली आणि तिला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. २०१० साली ‘फ्रीडम’ आली. दोन्हींचा विषय मध्यमवर्गीय गोरे कुटुंब. ‘क्रॉसरोड्स’ ही नियोजित तीन कादंबऱ्यांतील पहिली. काळ १९७१च्या नाताळापासून पुढचा. स्थळ शिकागोजवळचे न्यू प्रॉस्पेक्ट नावाचे काल्पनिक उपनगर.

रस हिल्डेब्रँड हा तिथल्या चर्चचा सहायक धर्मोपदेशक. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेला, नागरी हक्कांच्या बाजूचा, पुरोगामी म्हणवून घेणारा. चर्चच्या तरुण मंडळाचे नाव ‘क्रॉसरोड्स’. रिक अ‍ॅम्ब्रोज हा तरुण नेता पोरांना अधिक आवडतो, आणि त्या मंडळातून रसची अपमानास्पद हकालपट्टी झालेली आहे. तो अपमान त्याच्या मनात तीन वर्षे सलतो आहे. शिवाय फ्रान्सिस कॉट्रेल या देखण्या विधवेवर त्याचे मन गेले आहे. बायको मॅरियन हिने आपल्या तरुणपणातील एक भयंकर प्रकरण नवऱ्यापासून वीस-पंचवीस वर्षे लपवून ठेवले आहे. थोरला मुलगा क्लेम कॉलेजात आहे. मुलगी बेकी हिला मावशीकडून मोठी रक्कम मिळाली आहे. तिसरा पेरी विलक्षण बुद्धिमान आणि अमली पदार्थांच्या नादी लागलेला. धाकटा जडसन लहान आहे. रस, मॅरियन, क्लेम, बेकी आणि पेरी या पाच जणांच्या मनात आळीपाळीने शिरून कादंबरी पुढे सरकते.

लेखकाची ताकद मान्य केलीच पाहिजे. प्रत्येक माणूस स्वतःला चांगला समजतो, चांगले व्हावे म्हणून धडपडतो, आणि त्या धडपडीतच दुसऱ्याला जखम करतो. चांगुलपणाच्या आड स्वार्थ कसा बसलेला असतो, हे फ्रँझन इतक्या बारकाईने दाखवतो की वाचकाला स्वतःची लाज वाटू लागते. हे थोर कादंबरीचे लक्षण आहे. आपल्या विरोधी छावणीतील कलाकृती आहे म्हणून तिचे गुण नाकारण्याची गरज आपल्याला नाही.

३

मात्र कादंबरीच्या पहिल्याच प्रसंगाकडे पाहा. नाताळाच्या दोन दिवस आधी रस गाडी घेऊन निघाला आहे. गाडीत खेळणी आणि डबाबंद अन्न भरलेले आहे. ते शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, थिओ क्रेनशॉ या काळ्या धर्मोपदेशकाच्या चर्चमध्ये पोचवायचे आहे. शेजारी फ्रान्सिस बसली आहे. प्रेमाराधनेची ही सहल गरिबांना मदत करण्याच्या रस्त्याने चालली आहे. ती वस्ती नसती तर त्या दोघांना एका गाडीत बसायला निमित्त नव्हते.

वस्तीत पोचल्यावर फ्रान्सिसला एका मुलीची दया येते, तिचे काहीतरी चांगले करावे असे वाटते. थिओ तिला स्पष्ट सांगतो, की त्या मुलीच्या वाटेला जाऊ नका. फ्रान्सिस दुखावते. रस आता तिचे सांत्वन कसे करावे या विचारात पडतो. कादंबरीही त्याच्या पाठोपाठ गाडीत बसून उपनगराकडे परतते. थिओ मागे राहतो. बर्फ पडत असताना त्या रात्री थिओने काय विचार केला, खेळण्यांची खोकी उघडताना त्याच्या मनात काय आले, हे आपल्याला कधीच कळत नाही.

हे शिकागो कोणते आहे, हे वाचकाने आठवावे. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग याच शहरात काळ्यांच्या घरांच्या प्रश्नावर लढायला आले आणि ५ ऑगस्ट रोजी मार्केट पार्कमध्ये गोऱ्यांच्या जमावाने फेकलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला. १९६९च्या डिसेंबरात ब्लॅक पँथरचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन याला पोलिसांनी याच शहरात पहाटे राहत्या घरात गोळ्या घातल्या. न्यू प्रॉस्पेक्टसारखी गोरी उपनगरे आपोआप उगवलेली नाहीत. १९३४ पासून अमेरिकन सरकारने घरकर्जाला हमी द्यायला सुरुवात केली, ती गोऱ्या वस्त्यांना दिली आणि काळ्या वस्त्यांना नाकारली. घर देताना-घेताना वंशभेद करू नये असा कायदा व्हायला १९६८ साल उजाडावे लागले. तेव्हा ज्या घरात हिल्डेब्रँड कुटुंब भांडते, ते घर कुणाला तरी बाहेर ठेवून बांधलेल्या वस्तीत उभे आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. भांडायला वेळ लागतो, खोल्या लागतात, दारे लागतात. माणसाला आपल्याच मनात इतके खोल उतरायचे तर वरचे छप्पर गळत नसावे लागते. ज्याला आमचे सहकारी ‘विश्वात्मक’ म्हणतात, त्या ताणालाही एक पत्ता असतो.

शीर्षकाचेही तसेच. ‘क्रॉस रोड ब्लूज’ हे गाणे रॉबर्ट जॉन्सन या मिसिसिपीच्या काळ्या गायकाने १९३६ साली ध्वनिमुद्रित केले. दोनच वर्षांत, सत्ताविसाव्या वर्षी तो मेला. पुढे गोऱ्या वादकांनी ते गाजवले, आणि तिथून ते नाव उपनगरातल्या पोरांच्या मंडळाला मिळाले. जुन्या ब्लूजच्या तबकड्या रसकडे आहेत, मूळ गाणे कुणाचे हे त्याला माहीत आहे, आणि या ज्ञानाचा उपयोग तो फ्रान्सिसवर छाप पाडण्यासाठी करतो. काळ्या माणसाचे दुःख दोनदा हातबदल होऊन गोऱ्याच्या प्रेमप्रकरणात येते. फ्रँझनला हे दिसते, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. दिसूनही तो तिथे थांबत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

४

कादंबरीच्या उत्तरार्धात तरुण मंडळ ईस्टरच्या सुट्टीत अ‍ॅरिझोनातील नवाहो आदिवासींच्या राखीव भूमीवर श्रमदानाला जाते. रस तरुणपणी तिथे होता. कीथ ड्युरोची या नवाहो माणसाशी त्याची जुनी मैत्री. ही माणसे आपल्याला ओळखतात, याचा त्याला अभिमान आहे. ज्या भूमीवर ही मुले रंगकाम आणि दुरुस्ती करायला जातात, तिथल्या लोकांना १८६४ साली सैन्याने शेकडो मैल चालवत नेऊन कोंडले होते. १८६८च्या तहानंतर ती परतली. १९३०च्या दशकात सरकारने त्यांच्या मेंढ्या सक्तीने कमी केल्या. १९६४ आणि १९६६ साली ब्लॅक मेसावरील कोळशाचे करार झाले, आणि पुढे तिथले पाणी उपसून त्यातून कोळशाचा चुरा नळाने दूरच्या वीजकेंद्राकडे वाहून नेला जाऊ लागला. या इतिहासापुढे आठवडाभराच्या रंगकामाचे मोल किती? कादंबरीत क्लाइड नावाचा एक तरुण नवाहो या पाहुण्यांवर संतापतो. तो संताप मला ओळखीचा वाटला. पण कादंबरीत तो संताप रसच्या मार्गातील एक अडचण म्हणून येतो. क्लाइडच्या घरी जाण्याची तसदी लेखक घेत नाही.

आणि याच भूमीवर ज्या वेळी रस फ्रान्सिसबरोबर असतो, त्या वेळी भान हरपलेला पेरी शेतीच्या कोठाराला आग लावतो. कुटुंबाचा सारा डोलारा कोसळण्याचा हा क्षण. वकील, इस्पितळ, भरपाई; बेकीच्या वारशाचे पैसे त्यात जातात, आणि ती आईबापांपासून कायमची तुटते. फ्रँझनने हे सारे विलक्षण ताकदीने लिहिले आहे. मी मात्र पाने उलटताना दुसऱ्याच गोष्टीचा शोध घेत होतो. ज्यांचे कोठार जळले, त्यांच्या घरी त्या रात्री काय झाले? कोण कुणावर ओरडले? कोणत्या बापाने मुलाला विचारले, की तू या लोकांना इथे येऊच का दिलेस? त्यांच्या घरातही भांडण झालेच असणार. पण ते कादंबरीचा विषय होत नाही. आगीचे नुकसान नवाहोंचे आणि शोकांतिका गोऱ्यांची, असा हा हिशोब आहे.

हा हिशोब आपल्याला नवा नाही. १९३२ साली अस्पृश्यतानिवारणासाठी जो संघ निघाला आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला, त्याच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान असावे ही मागणी झाली. तेव्हा, हे काम सवर्णांच्या प्रायश्चित्ताचे आहे, म्हणून ते सवर्णांनीच करावे, असे उत्तर मिळाले. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात याची परखड चिकित्सा केली आहे. प्रायश्चित्त घेणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या पापाकडे असते. ज्याच्यावर अन्याय झाला तो फक्त प्रायश्चित्ताचे साधन होतो. रस हिल्डेब्रँड हा अशा प्रायश्चित्ताचा अमेरिकन नमुना होय. त्याला काळे हवे आहेत, नवाहो हवे आहेत. पण ते उठून बोलू लागले की तो गोंधळतो.

या घरात हिशोब मांडणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे क्लेम. कॉलेजात आहे म्हणून त्याला व्हिएतनामच्या सक्तीच्या भरतीतून सवलत आहे. त्याची मैत्रीण शॅरन हिचा भाऊ मात्र तिकडे लढतो आहे. आपण गेलो नाही तर आपल्या जागी कुणीतरी गरीब, कुणीतरी काळा जातो, हे क्लेमला उमगते आणि तो सवलत सोडून देतो. शांततावादी बाप हादरतो. बाप-लेकांचा हा झगडा मला साऱ्या कादंबरीतील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे घरातील भांडणाचे कारण घराबाहेरचा एक अनाम मुलगा आहे. पण पुढे काय होते? युद्ध आवरत आलेले असते, क्लेमला बोलावणेच येत नाही, आणि १९७३ साली सक्तीची भरती बंद होते. त्याचा त्याग कुणाच्याच उपयोगी पडत नाही. त्याला स्वतःचे हात स्वच्छ करायचे होते. ज्यांच्यासाठी ते करायचे, त्या मुलांत तो कधी गेला नाही. सवलत सोडणे आणि सवलतीची व्यवस्था मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे जात टाकल्याची घोषणा करणाऱ्या सवर्ण मित्रांनी क्लेमचे प्रकरण जरूर वाचावे.

योगायोग असा, की ज्या १९७२ साली कादंबरीतील गोरी मुले नवाहोंच्या भूमीवर सेवा करायला जातात, त्याच साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. नाव अमेरिकेतील काळ्यांकडून घेतले होते. रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यापासून उपनगरातल्या मंडळाला नाव मिळाले तेही उसने, आणि हेही उसने. परंतु एक नाव संध्याकाळच्या करमणुकीसाठी घेतले गेले आणि दुसरे लढण्यासाठी. उसनवारीतही असा फरक असतो.

५

इथपर्यंत आल्यावर लेख संपवता आला असता. सहकाऱ्यांना उत्तर मिळाले असते, विद्यार्थिनीलाही. पण मॅरियनने मला थांबवले.

मॅरियन ही या कादंबरीतील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा. नवऱ्याची प्रवचने पूर्वी तीच लिहून देत असे. नाव त्याचे होई. नवरा न्यायाच्या लढ्यात, बायको स्वयंपाकघरात. तिचे वजन वाढले, ती नकोशी झाली, आणि एका तरुण विधवेपुढे रस पुन्हा पुरोगामी झाला. तरुणपणी लॉस एंजेलिसमध्ये तिच्यावर जे गुदरले, ते ऐकायला घरात कुणी नव्हते. ते ती पैसे देऊन एका मनोवैद्य बाईला सांगते. समाजासाठी झटणाऱ्याच्या घरात त्याच्या सहचारिणीला कुणी ऐकत नाही. हे वाचताना आपल्या चळवळीतील किती घरे डोळ्यांपुढून सरकली, ते मी इथे सांगत नाही. वाचकांनी आपापल्या मनाशी मोजावे.

आमच्या साहित्यात घर नाही, हे म्हणणे चूक आहे. बाबुराव बागुलांची ‘आई’ ही कथा काय आहे? मुलगा आणि आई यांच्यातील संशयाचा ताण तिथे जीवघेणा आहे. पण तो ताण भूक, क्षय आणि मुकादम यांनी घरात आणून टाकलेला आहे. आपल्या घराला उंबरा असतो, पण बाहेरचे जग तो सहज ओलांडून आत येते. दया पवारांनी १९७८च्या ‘बलुतं’मध्ये पहिल्या बायकोवर संशय घेऊन तिच्यावर आपण जो अन्याय केला, तो झाकून ठेवला नाही. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१चे. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते नवऱ्याच्या नजरेआड, वर्षानुवर्षे लपवून. १९८६ साली ते पुस्तक झाले. उर्मिला पवार यांनी २००३च्या ‘आयदान’मध्ये बायको शिकते, लिहिते, सभांना जाते याचा चळवळीच्या घरातही कसा त्रास होतो, ते सांगितले. तेव्हा घर आहे. सहकाऱ्यांनी ते वाचलेले नाही, एवढेच.

पण मी आक्षेपात तथ्य आहे असे सुरुवातीला म्हटले, ते आता सांगतो. वरच्या यादीत बायका अधिक का आहेत? आम्ही पुरुषांनी घराबद्दल लिहिताना हात आखडता घेतला आहे. शत्रू ऐकेल, चळवळीला बट्टा लागेल, ही भीती. भीती खोटी नाही. आमच्या घरातील धुणे चव्हाट्यावर आले की ‘पाहा, यांच्यातही आहेच’ म्हणणारे टपून बसलेले असतात. तरी त्या भीतीपोटी जे लिहायचे राहिले, त्याची किंमत कुणीतरी मोजली आहे.

माझ्यापुरते सांगतो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझे वडील वस्तीतल्या जयंतीच्या कमिटीत होते. १४ एप्रिलला ते माईकवर मुलींच्या शिक्षणाविषयी बोलत, आणि चांगले बोलत. माझ्या ताईला सातवीनंतर शाळेतून काढले, कारण दोघांना शिकवणे परवडत नव्हते आणि मी मुलगा होतो. ती खुरपणीला जाऊ लागली. माझ्या वसतिगृहाच्या खाणावळीचे पैसे कित्येक महिने तिच्या मजुरीतून आले. परिस्थिती जातीने आणली होती हे खरे. गावात जमीन आमच्या नावावर नव्हती, कामाला दर दुसऱ्यांनी ठरवलेला होता. पण दोघांतले कोण शिकणार हा निर्णय आमच्या घरात, आमच्या माणसांनी घेतला. ताईने त्यावर कधी भांडण केले नाही. त्यामुळे आमच्या घरात संघर्ष नव्हता, असे आम्ही समजत आलो. आज मी वर्गात समतेवर व्याख्यान देतो, तेव्हा ताई शेतात असते.

बेकीच्या पैशांचे प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले, ते यामुळे. भावासाठी आपला वाटा गेला म्हणून ती रागावते, नाते तोडते. तिला रागावता येते. रागावण्यासाठीही मुळात काहीतरी आपल्या नावावर असावे लागते. माझ्या बहिणीच्या नावावर काहीच नव्हते, म्हणून तिचा राग कुणी नोंदवला नाही. फ्रँझनने नवाहोंच्या घरात डोकावून पाहिले नाही, असे मी वर ठासून लिहिले. मीही इतकी वर्षे माझ्या घरातल्या एका माणसाच्या मनात डोकावलो नव्हतो. उंबऱ्याच्या आत राहूनही माणूस बाहेरचे असू शकते.

म्हणून या कादंबरीपासून आपण काय घ्यावे आणि काय नाकारावे, हे स्पष्ट असले पाहिजे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला पार्श्वभूमीला लोटून अन्याय करणाऱ्याच्या मनस्तापाला कलेचा सर्वोच्च विषय मानणे, हे आपण नाकारावे. स्वतःच्या चांगुलपणाची निर्दयपणे झडती घेणे, हे मात्र घ्यावे. बाबासाहेबांनी आपल्याला समता, स्वातंत्र्य आणि बंधुता ही तीन मूल्ये दिली, ती सभेच्या फलकापुरती नाहीत. घरात कोण आधी जेवते, कोण शाळेत जाते, कुणाचे ऐकले जाते, इथपर्यंत ती पोचली पाहिजेत, आणि आपल्या कथा-कादंबऱ्यांनीही तिथपर्यंत गेले पाहिजे.

त्या विद्यार्थिनीला मी सांगितले, की भांडायला वेळ मिळत नाही अशा घरातील न झालेले भांडण तू लिही. तिने विचारले, “त्याला कादंबरी म्हणतील का, सर?” मी म्हटले, ते ठरवणारे कोण, हाच तर आपला वाद आहे. तू लिही.

सहकाऱ्यांचे पुस्तक मी परत केले आहे. सोबत ‘आयदान’ दिले आहे. अजून त्यांनी वाचलेले नाही. मी दर आठवड्याला विचारतो.